फक्त शेजाऱ्याकडं बघा

अत्यंत गंभीर सूचना. सर्व शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, इयत्ता पाचवी ते दहावीचे सर्व विद्यार्थी, तसेच कुंपणाच्या फटीतून येऊन शाळेच्या बागेची नियमित तपासणी करणाऱ्या शेळ्या यांना कळविण्यात येते की, या शाळेत गेली वीस वर्षे रोज मधल्या सुट्टीत चालू असलेला वाद, दोनपैकी एक पक्ष कायमचा गैरहजर झाल्यामुळे, आजपासून स्थगित करण्यात येत आहे. वादाचा विषय : शिक्षक वर्गात नसताना जे चालतं, त्याला शिकवणं म्हणायचं की नाही. गैरहजर पक्ष : मल्लिनाथ सर, आधी पीटीचे आणि नंतर संगणकाचे शिक्षक. हजर पक्ष : मी, मराठीचा. सूचना वाचून सर्वांनी सह्या कराव्यात. शेळ्यांनी नाही केल्या तरी चालेल.

सर, ही सूचना मी खरोखरच शाळेच्या सूचना वहीत लिहिली. मुख्याध्यापकांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पान न फाडता वही मिटून ठेवली. शिपाई दगडूमामा ती वही घेऊन वर्गावर्गांतून फिरले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातची एक सूचना एकाही वर्गात वाचली गेली नाही, आणि माझी काही तक्रार नाही.

तुम्ही गेल्याला आज बारा दिवस झाले. पेपरात चौकट आली होती. जन्मगाव, नोकरीची वर्षं, मागं कोण कोण, सगळं बरोबर छापलं होतं आणि त्यात तुम्ही कुठंच नव्हता. चौकटीत शिट्टी मावत नाही हो.

मला मात्र एक काम तुम्ही स्वतः सांगून गेला आहात. महिन्यापूर्वीची गोष्ट. तुमचा नववीचा तास चालू होता आणि तुम्ही नेहमीप्रमाणं वर्ग सोडून शिक्षक खोलीत माझ्यासमोर चहा पीत बसला होता. मी नेहमीप्रमाणं पेटलो. म्हटलं, "सर, एक दिवस तुम्ही खरंच नसाल, तेव्हा कळेल तुमच्या मागं किती चालतं ते!" तुम्ही बशीतला शेवटचा घोट घेतलात, मिशी पुसलीत आणि म्हणालात, "तवा तू बघ, पंडित. अन् मला सांग."

बोलून गेलो ते गेलो. ते वाक्य आता जिभेवर कुसळासारखं रुतून बसलंय. पण काम अंगावर घेतलं की पूर्ण करायचं, हे तुमच्याच शिस्तीतलं. म्हणून हा अहवाल. मराठीच्या शिक्षकाचा आहे, तेव्हा लांबणार. तुम्हाला आता घाई नाही.

मुळापासून सांगतो, कारण मुळाशीच माझा एक गुन्हा आहे.

मी या शाळेत रुजू झालो तेव्हा तुम्ही इथलं जुनं खोड होता. भूकंपानंतर आपलं गाव नव्या जागेवर वसलं. सास्तूरसारखंच, सरळ गल्ल्या, एकसारखी घरं, प्रत्येक घरावर नंबर. नव्या गावाबरोबर नवी शाळा आली आणि नव्या शाळेत तुम्ही. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, आवाज असा की शेजारच्या शिवारातले बैल दक्ष उभे राहायचे. घरची बोली कानडी. त्यामुळं कवायतीचे आकडे चुकले की तुम्ही मराठी सोडून मनातल्या मनात "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु" मोजायचा, आणि तुमचे ओठ पाहून पोरं आधीच हसायची.

आणि तुमची ती रांग! बाकीच्या शाळांत पीटीचे सर पोरांना दंडाला धरून उंचीप्रमाणं उभं करतात. तुम्हीही करायचा. मग एका जून महिन्यात तुमचा घसा असा बसला की बोलायची चोरी, आणि समोर चारशे पोरं. तेव्हा तुम्ही फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. डावीकडच्या शेजाऱ्याकडं बघ. तो तुझ्याहून उंच असेल तर जागा बदल. नसेल तर गप उभा राहा. बस. कुणी सगळी रांग बघायची नाही, कुणी कुणाला ओरडायचं नाही, फक्त शेजाऱ्याकडं बघायचं. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. आठवड्यानं मात्र पोरं बाजारात पिशव्या बदलाव्यात तशी भराभर जागा बदलायची आणि दोन मिनिटांत एका टोकाला बुटकी, दुसऱ्या टोकाला ताडमाड, अशी रांग तयार. घसा सुटला तरी तुम्ही पद्धत सोडली नाही. तुम्हाला वाटायचं, ही आपली आळसाची युक्ती. मलाही तसंच वाटायचं. मी तर तसं चारचौघांत बोलूनही दाखवायचो.

मग शाळेत संगणक आला. एक. मुख्याध्यापकांच्या खोलीत, झालरीच्या गुलाबी झाकणाखाली. वीज दिवसातून एखादा तास यायची, तीही आपल्या मर्जीनं. चपला बाहेर, हात धुऊन आत, आणि हात लावायचा नाही. पोरांना तो दाखवायची जबाबदारी तुमच्यावर आली. तुम्ही अख्खी शाळा रांगेत आणलीत आणि त्या यंत्रासमोरून संचलन काढलंत! प्रत्येक विद्यार्थ्यानं यंत्रासमोर थांबायचं, एक-दोन-तीन-चार इतका वेळ बघायचं आणि डावीकडं वळून पुढं चालायचं. शेवटच्या पोरानं तर सवयीनं सलामीच ठोकली. मी खिडकीत उभा राहून इतका हसलो की दगडूमामांनी मला पाणी आणून दिलं.

त्याच वर्षी ती यादी आली. पोरांची संख्या घटली होती, आणि शाळेतला एक शिक्षक अतिरिक्त ठरणार होता. अतिरिक्त म्हणजे नोकरी राहील. पण शाळा सुटेल, गाव सुटेल, जिल्ह्याच्या कुठल्या तरी टोकाला पाठवतील. आणि तो एक म्हणजे तुम्ही, हे सगळ्यांना माहीत होतं. पीटीच्या मास्तरावाचून शाळेचं काय अडतं? वहिनींनी नव्या घराच्या अंगणात लावलेली दोन कडुनिंबाची झाडं नुकती सावली धरू लागली होती. तुमची सकाळची शिट्टी तेवढी थोडी लांबली.

आणि आता गुन्हा.

परिपत्रक आलं की प्रत्येक शाळेनं एका शिक्षकाचं नाव संगणक प्रशिक्षणासाठी पाठवावं. कळंबला, दहा दिवस, निवासी. मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच पत्र तयार करा. नाव कुणाचंही घाला, जायला कुणी राजी नाही." गणिताचे सर कमरेचं कारण सांगून मोकळे झाले होते, विज्ञानाच्या बाई लग्नसराईचं. मी कोरा कागद घेऊन बसलो आणि माझ्या डोळ्यांसमोर ते संचलन आलं. सर, मी नुसत्या मस्करीनं तुमचं नाव लिहिलं. एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला? खाली 'शिफारशीचे कारण' असा रकाना होता. त्यात माझ्या सर्वोत्तम वळणदार अक्षरात लिहिलं : 'सदर शिक्षकांस नवीन यंत्रांची उपजत जाण आहे.' मुख्याध्यापकांनी न वाचता सही ठोकली.

तुमच्या हाती कार्बन प्रत आली, तुम्ही ते पत्र वाचलंत. दोनदा वाचलंत. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. मला वाटलं होतं, तुम्ही पत्र फाडाल, मग मी हसेन, मग तुम्ही माझ्या मागं मैदानभर धावाल. तुम्ही पत्राची घडी घातलीत, छातीच्या खिशात ठेवलीत आणि हळूच म्हणालात, "पंडित, मुख्याध्यापकांनी माझ्यात काय तरी बघितलं रे."

पुढची वीस वर्षं पत्रातलं ते वाक्य तुम्ही प्रत्येक भाषणात वापरलंत. प्रत्येक. पंधरा ऑगस्टला, शिक्षक दिनाला, दहावीच्या निरोपाला. "मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, उपजत जाण आहे." आणि पहिल्या ओळीत बसून मी टाळ्या वाजवायचो, चोरासारखा.

तुम्ही कळंबला गेलात. वहिनींनी दिलेल्या ज्वारीच्या भाकरी, शेंगाचटणी आणि गळ्यात शिट्टी घेऊन. तिसऱ्या दिवशी शाळेत फोन आला. "पंडित, हितं लई अवघड हाय रं. समदी पोरसवदा मास्तरं. खुर्चीवर बसून बसून पाय आखडले. पत्रात लिवलंय, उपजत जाण हाय म्हणून. ती कुठं गेली तेच सापडंना. म्या परत येतो."

संगणक शिकवणारा मास्तर शाळेला लागणार होता; न शिकता परत म्हणजे काय ते मला कळत होतं. परत म्हणजे यादी, बदली, आणि वहिनींच्या कडुनिंबांना पाणी घालायला दुसरंच कुणी. मी म्हटलं, "रविवारपर्यंत थांबा. मी येतो."

मी ठरवून निघालो होतो. धाराशिवला एसटी बदलली, कळंबला उतरलो. समोर उभं राहायचं, पाय धरायचे, मस्करी कबूल करायची आणि तुम्हाला गावी घेऊन यायचं. वाटेत भाषणही पाठ केलं होतं. चांगलं होतं, त्यात दोन ठिकाणी माझाच गळा दाटून येत होता.

प्रशिक्षणाच्या शाळेत पोहोचलो तर मैदानावर तुमचा आवाज! तुम्ही अठरा मास्तरांना एका ओळीत उभं केलं होतं. कुणाला टक्कल, कुणाला ढेरी, आणि सगळे शेजाऱ्याकडं बघून जागा बदलत होते. बाजूला शिकवणाऱ्या मॅडम उभ्या होत्या, हातात खडू, तोंड अर्धवट उघडं. त्यांनी मला नंतर सांगितलं ते असं : दोन दिवस त्या फळ्यावर आकडे मांडून समजावत होत्या की यंत्र विस्कटलेले आकडे क्रमानं कसे लावतं. कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, यंत्राला सगळी ओळ एकदम दिसत नाही, ते एका वेळी फक्त दोन शेजारी बघतं. तेव्हा मागच्या बाकावरून तुम्ही उठलात आणि म्हणालात, "एवढंच व्हय? मॅडम, हे तर म्या रोज सकाळी करतो. चला समदे भाईर."

एक टकले मास्तर ओरडले, "सर, मी इथं चुकलोय का?"

तुम्ही म्हणालात, "तुमाला ते बघायची गरज न्हाय! शेजाऱ्याकडं बघा, शेजाऱ्याकडं!"

मग मी दिसलो. तुम्ही धावत आलात, मैदानावर धावता तसे गुडघे उंच उचलून. "पंडित! सापडली! उपजत जाण सापडली!"

आता सांगा, या माणसाला मी काय कबूल करणार होतो? भाषण गिळलं. स्टँडवर आपण दोघांनी भजी खाल्ली, तुम्ही भज्यांच्या कागदावर चौकोन काढून मला काहीतरी समजावलंत, मी मान डोलावली आणि मुक्कामाची एसटी पकडून एकटाच परत आलो. त्या दिवशी माझी मस्करी तुम्ही खरी करून दाखवलीत आणि ती मस्करी होती हे मी तुम्हाला सांगितलंही नाही.

तुम्ही परत आलात तेव्हा अडचण ही की शिकवायला यंत्र एक, आणि वीज नाही. दुसरा कुणी असता तर वीज येईपर्यंत थांबला असता. तुम्ही मैदान घेतलंत. चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखलेत, गावाच्या गल्ल्यांसारखे, आणि प्रत्येक चौकोनात नंबर घालून एकेक पोर उभं केलंत. यंत्राच्या पोटात अशीच घरं असतात, एकसारखी; घराला नाव नसतं, नंबर असतो; आत कोण राहतं ते बदलतं. हे आपल्या गावच्या पोरांना वेगळं समजवायची गरजच नव्हती. सगळ्यांना आपल्या सोनेराव आबांची गोष्ट पाठ होती. नव्या गावात आल्यावर आबा एकदा चुकून एक गल्ली आधी वळले, आपलंच घर समजून आत शिरले, खाटेवर बसले आणि चहा मागितला. त्या घरच्या सूनबाईनं पाहुणा समजून चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर आबा तिला म्हशीवरून रागावू लागले, तेव्हा कुठं उलगडा झाला. तुम्ही पोरांना म्हणायचा, "मशीनचं बी असंच. पत्ता चुकला की ते दुसऱ्याच्या घरात जाऊन निवांत चहा पितं. अन् वर भांडतं." ही गोष्ट ऐकून सोनेराव आबा एकदा शाळेत आले आणि म्हणाले, "मास्तर, माजं नाव घ्या खुशाल, पण चहा चांगला व्हता हे बी सांगा." तेव्हापासून धड्यात तेही आलं.

यादीचा निकाल लागायच्या आधी तपासणीला साहेब आले. मुख्याध्यापकांनी गुलाबी झाकण धुऊन घेतलं होतं. वीज नव्हती. साहेबांनी विचारलं, "संगणकाचा तास कुठं आहे?" मुख्याध्यापकांनी घाम पुसत मैदानाकडं बोट केलं. साहेबांच्या कपाळावर जी आठी चढली ती मी अजून विसरलो नाही. त्या आठीवर तुमचं घर, गाव, झाडं, सगळं तोललेलं होतं. तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून मी वाट बघत होतो. तुम्ही शिट्टी तोंडातून काढलीत आणि सातवीतल्या पद्मिनीला म्हणालात, "सांग गं." आणि चक्क मागं सरून उभे राहिलात.

पद्मिनीनं सांगितलं, चांगलं सांगितलं. पण साहेबांची आठी हलली नाही. मग ती पोरगी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "सायेब, असं उभं राहून न्हाय कळायचं. तुमी बी रांगेत या. मोठे सर, तुमी बी."

मला वाटलं, संपलं. पण साहेब आले. मुख्याध्यापकही आले. पोरांनी जागा बदलायला सुरुवात केली. मुख्याध्यापक सरकत सरकत शेवटच्या टोकाला गेले. साहेब मूर्ती बेताची, ते सातवीच्या पोरांच्या मधोमध येऊन थांबले, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे माझी जागा इथं? बरोबर आहे का?" पद्मिनी म्हणाली, "आता कुणीच हलत न्हाय म्हंजे बरोबर."

साहेब हसले. शेरेबुकात त्यांनी दोनच वाक्यं लिहिली : 'संगणक अध्यापन उत्तम चालू आहे. यंत्र बंद आहे.'

तुम्ही राहिलात. कडुनिंबं राहिली. आणि त्याच दिवशी संध्याकाळी शिक्षक खोलीत आपला वाद जन्माला आला. मी म्हटलं, "सर, ऐन वेळी तुम्ही मागं काय सरलात? तुमची इथली नोकरी होती ती!" तुम्ही म्हणालात, "म्या पुढं असतो तर सायबानं मला बघितलं असतं. पोरीला न्हाय."

मी म्हणायचो, शिकवणं म्हणजे शिक्षकाची हजेरी. त्याचा आवाज, त्याचे डोळे, फळ्यासमोर त्याचं असणं. मी कविता शिकवताना खाली बसलो तरी कवितेला ताप येतो. तुम्ही म्हणायचा, "तू गेलास की कविता बी जाती, मग काय शिकवलंस? प्रोग्राम त्यालाच म्हणत्यात, जे लिवणारा घरी जेवायला गेला तरी चालतं." शाळेला पुढं दहा यंत्रं मिळाली, खोली मिळाली, आणि तुम्ही मुद्दाम तास चालू असताना उठून यायला लागलात. आतून भांडणं ऐकू यायची. मी म्हणायचो, "ऐका! तुमचा वर्ग!" तुम्ही कान देऊन ऐकायचा आणि कौतुकानं म्हणायचा, "चूक शोधायलेत. झगडू दे."

दगडूमामा या वादाचे पंच. घंटा द्यायच्या आधी निकाल द्यायचे, आणि निकाल नेहमी माझ्या बाजूनं. कारण सुपारी माझ्याजवळ असायची. "मास्तरच न्हाय तर शाळा कशाची?" हे त्यांचं वीस वर्षांचं निकालपत्र. तुम्ही अपील करायचा, ते फेटाळायचे.

एवढ्यावर तुम्ही थांबलात का? नाही. चाळिशी गाठल्यावर तुम्ही बाहेरून संगणकाची परीक्षा द्यायचं ठरवलंत. परीक्षेच्या खोलीत तुमच्या शेजारच्या बाकावर कोण, तर पद्मिनी. ती पहिल्या झटक्यात पास, तुम्ही नापास. तुम्ही तिच्या घरी वह्या मागायला गेलात! तिचा बाप दारातच म्हणाला, "सर, आमची पोर तुमची शिकवणी घ्यायली?" तुम्ही म्हणालात, "घेते की. अन् छडी बी लई जोरात मारते." पुढच्या वर्षी पास झालात आणि तेरखेड्याहून फटाक्यांची माळ आणून शिक्षक खोलीच्या मागं लावलीत. मुख्याध्यापक टेबलाखाली गेले, भूकंप समजून. त्यांना बाहेर काढताना तुम्ही त्यांचे आभार मानत होता. "सर, तुम्ही लिवलं होतं, उपजत जाण हाय." त्यांना बिचाऱ्यांना काहीच आठवत नव्हतं. ते टेबलाखालून म्हणाले, "हो का? बरं, बरं."

तेव्हाही मी बोललो नाही. अभिमान एवढा वाटत होता की बोललो असतो तर त्यातला थोडा मला स्वतःकडं वळवावा लागला असता, आणि तो माझा नव्हता. मी मस्करीत एक बी टाकलं होतं. नांगरट, पाणी, राखण सगळं तुमचं.

एकदा मात्र तुम्ही मला घाम फोडलात. पाच-सहा वर्षं झाली असतील. मी निकालपत्रकं लिहीत होतो. तुम्ही मागून आलात, वाकून बघितलंत आणि म्हणालात, "पंडित, तुझं अक्षर लई देखणं. दहा गावांत वळखू येतं." आणि शीळ घालत निघून गेलात. माझ्या पेनाची शाई त्या दिवशी तिथंच थबकली.

गेल्या आठवड्यात तुमचं संगणक प्रयोगशाळेतलं कपाट आम्ही आवरलं. वहिनी होत्या, मी होतो. वरच्या फळीवर तुमची सगळी प्रमाणपत्रं एका गठ्ठ्यात, दोरीनं बांधलेली. आणि त्या सगळ्यांच्या वर, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून जपलेली, त्या पत्राची कार्बन प्रत. उपजत जाण. माझं अक्षर, निळं, अजून वळणदार. वहिनी म्हणाल्या, "हा कागद तुम्ही घ्या, भाऊजी." का म्हणाल्या ते मी विचारलं नाही. तुम्हाला माहीत होतं का, सर? पहिल्या दिवसापासून? कळंबच्या मैदानावर गुडघे उंच करून धावत आलात, तेव्हाही? हे आता मला कधीच कळणार नाही, आणि वीस वर्षं मी तुम्हाला जे सांगितलं नाही त्याची ही रास्त शिक्षा आहे. तरी सांगतो. मी लिहिलं होतं. चेष्टेनं लिहिलं होतं. शब्दन् शब्द खरा निघाला.

आता अहवाल.

शनिवारी सकाळी शाळेच्या मैदानावर शोकसभा ठेवली. गाव लोटलं होतं. लोहाऱ्याहून, सास्तूरहून तुमचे जुने विद्यार्थी मोटारसायकली घेऊन आले होते. टेबलावर तुमचा फोटो, फोटोला हार, आणि हारावर तुमची शिट्टी. मी पहिला वक्ता. खिशात ती कार्बन प्रत. ठरवलं होतं, सगळ्यांसमोर वाचायची, आणि गुन्हा कबूल करून मगच तुमच्या फोटोला हात जोडायचे.

मी माइक हातात घेतला आणि वीज गेली. अर्थातच गेली. तुमच्या आयुष्यात ती वेळेवर आली कधी होती?

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. आधी पोरांनी फुलं वाहावीत असं ठरलं. पण अडीचशे पोरं मैदानभर विखुरलेली, लहानगी रडताहेत, मोठी त्यांना दटावताहेत, आयाबाया पुढं सरकताहेत. मुख्याध्यापक, म्हणजे आताचे, नवे, तोंडाशी हात धरून ओरडताहेत, "रांग करा! रांग!" आणि त्यांचा आवाज दुसऱ्या ओळीच्या पलीकडं जात नव्हता. मी तुमच्या शिट्टीकडं बघितलं. सगळ्या शिक्षकांनी बघितलं. उचलायची हिंमत कुणाला झाली नाही. आणि सर, खरं सांगतो, माझ्या मनात त्या क्षणी दुष्ट विचार आला : बघा, आज मी जिंकलो. असा जिंकलो की आयुष्यभर पुरेल एवढं वाईट वाटलं.

तेवढ्यात पाचवीतल्या दोन पोरी दिसल्या. एकीनं डोळे पुसले, डावीकडं बघितलं आणि शेजारणीला आपल्या जागेवर ओढून स्वतः तिच्या जागी गेली. मग तिच्या पलीकडचा पोरगा. मग त्याच्या पलीकडचे दोघं. वाऱ्यानं ज्वारीच्या शेतात लाट सरकावी तशी ती हालचाल मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरकत गेली. आणि मग जुने विद्यार्थी, पस्तिशीचे, मिशीवाले, ट्रॅक्टरवाले, ते मागं उभे होते ना, त्यांनीही शेजाऱ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं जागा बदलायला सुरुवात केली. पद्मिनी आली होती, आपल्या लेकीला घेऊन. लेक अलीकडच्या टोकाला गेली, पद्मिनी मधे कुठंतरी थांबली. दोन मिनिटं, फार तर तीन. मग कुणीच हललं नाही.

बुटक्यांपासून ताडमाडांपर्यंत अख्खं मैदान एका ओळीत उभं होतं. शिट्टी हारावर तशीच होती.

कार्बन प्रत माझ्या खिशातच राहिली होती. तेवढ्यात घंटेखाली उभे असलेले दगडूमामा, वीस वर्षं माझ्या बाजूनं निकाल देणारे, माझी सुपारी खाणारे पंच, टोपी हातात घेऊन सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले :

"आवो मराठीचे सर, बगताव न्हवं! सर न्हायत, तरी बी चालतंय की!"